गायरानाचा हिशेब

संयुक्त राष्ट्रसंघाने २०२६ हे वर्ष कुरणे आणि पशुपालक यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केले आहे. अशी वर्षे येतात आणि जातात. त्यांच्या निमित्ताने परिसंवाद भरतात, ठराव होतात आणि वर्ष सरले की कागद फडताळात जातात. बीड जिल्ह्यापुरते बोलायचे तर या निमित्ताने एक प्रश्न मात्र स्पष्टपणे विचारला गेला पाहिजे. बालाघाटच्या माळावर मोकळी चरणारी गुरे आणि त्यांच्यामागे काठी घेऊन हिंडणारा गुराखी हे दृश्य दोन पिढ्यांपूर्वी गावोगावच्या शिवारात होते. आज ते शोधावे लागते. ती गुरे गेली कोठे, तो गुराखी गेला कोठे आणि ज्या गायरानावर दोघांचा निर्वाह होता त्या गायरानाचे झाले काय?

या प्रश्नाकडे जुन्या आठवणींचा विषय म्हणून पाहणाऱ्यांची संख्या मोठी आहे. वस्तुतः तो आजचा आणि उद्याचा प्रश्न आहे. दुष्काळ पडला की उभ्या राहणाऱ्या चारा छावण्या, गायरानावरील अतिक्रमणांविषयीचे न्यायालयीन आदेश, भूमिहीनांचे मोर्चे, माळावर येऊ घातलेले सौर प्रकल्प या साऱ्या बातम्या वरवर वेगवेगळ्या दिसतात. त्यांचे मूळ एकच आहे. गावाच्या सामाईक जमिनीवर हक्क कोणाचा आणि तिची निगा कोणी राखायची, याचा निर्णय आपण कधीच नीट केलेला नाही.

दूरचा एक दाखला

मोकळ्या चराईचा उदय आणि अस्त म्हटले की सुशिक्षित वाचकाच्या डोळ्यांसमोर अमेरिकेतील ‘काऊबॉय’ उभा राहतो. चित्रपटांनी त्याला पराक्रमी घोडेस्वार बनविले. इतिहासातील काऊबॉय हा बव्हंशी तुटपुंज्या पगारावर राबणारा मजूर होता आणि त्यांच्यात कृष्णवर्णीयांचे व मेक्सिकनांचे प्रमाण लक्षणीय होते. यादवी युद्ध १८६५ मध्ये संपले तेव्हा टेक्सासमध्ये लक्षावधी गुरे मोकाट होती. तेथे तीन-चार डॉलरला मिळणारे जनावर उत्तरेकडील बाजारात तीस-चाळीस डॉलरला विकले जाई. १८६७ मध्ये कॅन्सासमधील ॲबिलीन येथे रेल्वेलगत गुरांचा बाजार उभा राहिला आणि हजार-हजार जनावरांचे कळप दिवसाला दहा-पंधरा मैल हाकीत तेथवर नेण्याचा व्यवसाय भरभराटीला आला. गवत सरकारी जमिनीवरचे, म्हणजे फुकटचे, पाणी नदीचे, आणि नफा ज्याचा कळप मोठा त्याचा. इंग्लंड-स्कॉटलंडमधील भांडवलदारांनीही या धंद्यात पैसा ओतला.

हे साम्राज्य जेमतेम वीस वर्षे टिकले. १८७४ मध्ये जोसेफ ग्लिडन याने काटेरी तारेचे एकस्व मिळविले आणि स्वस्तात कुंपण घालणे शक्य झाले. ज्याच्याकडे पैसा होता त्याने कुरण आणि पाणवठा दोन्ही तारेत घेतले. १८८३ मध्ये टेक्सासमध्ये तारा तोडणाऱ्यांचे आणि तारा लावणाऱ्यांचे उघड झगडे झाले. पुढच्याच वर्षी तार तोडणे हा गंभीर गुन्हा ठरला. दरम्यान माळावरची गुरे इतकी वाढली होती की गवताला उसंत उरली नव्हती. १८८६ चा उन्हाळा कोरडा गेला आणि पाठोपाठ आलेल्या भयंकर हिवाळ्यात लाखो जनावरे उपाशी व गारठून मेली. मोकळ्या चराईचा अध्याय तेथे मिटला. सरकारी कुरणांवर परवाने आणि मर्यादा घालणारा ‘टेलर ग्रेझिंग ॲक्ट’ यायला मात्र १९३४ साल उजाडावे लागले.

या कथेतील एक गोष्ट चित्रपट सहसा सांगत नाहीत. ती ‘मोकळी’ जमीन मुळात मोकळी नव्हतीच. तेथील मूळ रहिवाशांना हुसकावून आणि त्यांचा आधार असलेल्या गव्यांचे कळप नष्ट करूनच ती मोकळी करण्यात आली होती. सामाईक जमिनीचे गोडवे गाताना ती कोणासाठी सामाईक होती हे आधी विचारावे, असा या इतिहासाचा पहिला धडा आहे. नियमांवाचून वापरलेले गवत टिकत नाही आणि ते संपले की कुंपण घालण्याची ऐपत असलेलाच तगतो, हा दुसरा.

बालाघाटावरील व्यवस्था

बीड जिल्ह्यातील चराईची परंपरा अमेरिकेतील त्या वीस वर्षांच्या तुलनेत फार प्राचीन आहे. दख्खनच्या पठारावर गुरे हे एके काळी खरे धन होते. शत्रूच्या गावची गुरे वळवून नेणे हा युद्धाचा एक प्रकार होता आणि ती सोडविताना पडलेल्या वीरांचे वीरगळ दक्षिणेत ठिकठिकाणी उभे आहेत. गुंथर सोन्थायमर यांनी धनगर-गवळ्यांच्या दैवतांचा केलेला अभ्यास आणि रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ या १९८४ च्या ग्रंथात केलेली मांडणी पाहिली, तर महाराष्ट्राच्या धर्मजीवनाची मुळे या पशुपालक समाजात किती खोल गेली आहेत हे ध्यानात येते. ‘खिल्लार’ या शब्दाचा अर्थच मुळी गुरांचा कळप असा आहे.

बालाघाटची रांग जिल्ह्याच्या अंगावरून जाते. पाटोदा, आष्टी, शिरूर, धारूर, केज या भागातील माथ्यावरची जमीन हलकी, मुरमाड, पाऊस बेभरवशाचा. मांजरेचा उगम याच डोंगरात आहे, पण तिच्या पाण्याचा लाभ मुख्यतः खालच्या प्रदेशाला. या माळांवर कुसळी, पवना, मारवेल अशी गवते पावसाबरोबर उगवतात आणि दिवाळीच्या सुमारास पिकतात. महसुली भाषेत या जमिनीला पडीक म्हणण्याची प्रथा आहे. परंतु जेथे झाड उगवत नाही ते सारे उजाड, ही समजूत चुकीची आहे. गवताळ माळ ही स्वतंत्र आणि जुनी निसर्गसृष्टी असल्याचे आता अभ्यासक आग्रहाने सांगू लागले आहेत. पाटोदा तालुक्यातील नायगावचे मयूर अभयारण्यही याच डोंगराळ मुलखात आहे.

या गवतावर गावाचे एक अर्थकारण चाले. सकाळी घरोघरची गुरे गावाबाहेर गोळा होत. गुराखी ती गायरानात नेई आणि दिवस कलताना परत आणी. त्याला मोबदला म्हणून राखोळी मिळे, ती बहुधा धान्याच्या रूपाने. पिके उभी असताना गुरे माळावर, सुगी झाल्यावर मोकळ्या रानात, उन्हाळ्यात कडब्यावर आणि काढून ठेवलेल्या गवतावर, असा वर्षाचा क्रम ठरलेला असे. चुकार जनावर पिकात शिरले तर कोंडवाडा होता. धनगरांची मेंढरे सुगीनंतर शेतात बसविली जात. शेताला खत मिळे आणि मेंढपाळाला धान्य. नांदेड-लातूरकडील लाल कंधारी आणि देवणी या जातींची जनावरे या भागातही नांदत, कारण थोड्या चाऱ्यावर, कडक उन्हात, कष्टाच्या कामाला ती टिकत. बैल हाच शेतीचा कणा होता आणि गाय पाळायची ती मुख्यतः त्या बैलासाठी.

मात्र या चित्रात रंग भरताना हात आवरता घेतला पाहिजे. गायरान सर्वांचे होते ते गुरे असणाऱ्यांचे. ज्याच्या दावणीला वीस जनावरे त्याला गायरानाचा वीसपट लाभ. ज्याला दावणच नाही त्याला काही नाही. आणि ती गुरे राखणारा पोरगा बहुतेक वेळा सालगड्याचा किंवा गावकुसाबाहेरचा असे. शाळेची घंटा त्याच्यासाठी वाजत नव्हती. तो गुराखी आज माळावर दिसत नाही याचे एक कारण तो शाळेत गेला हे असेल, तर त्याबद्दल हळहळण्याचे कारण नाही.

ऱ्हास कसा झाला

१९४८ च्या सप्टेंबरात निजामी राजवट संपली, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. या काळात आणि त्यानंतर लोकसंख्या वाढली, अन्नधान्याची गरज वाढली आणि नांगर माळावर चढला. १९७२ च्या दुष्काळाने गुरांचे कळप मोडले. अनेक कुटुंबांनी मिळेल त्या भावाने जनावरे विकली आणि ती पुन्हा उभी करता आली नाहीत. पुढे ट्रॅक्टर आला आणि बैलाचे काम गेले. संकरित गाईंचा प्रसार झाला. त्यांच्या दुधाने आष्टी-पाटोदा भागातील अनेक घरांत आठवड्याला रोख पैसा आला, हे नाकारता येणार नाही. परंतु ही गाय माळावर चरणारी नव्हे. तिला गोठा, हिरवा चारा आणि पेंड लागते. पीकपद्धतीही बदलली. ज्वारी-बाजरीची जागा कापूस आणि सोयाबीनने घेतली. ज्वारी माणसाला भाकरी आणि जनावराला कडबा देई. कापसाच्या पऱ्हाट्या चुलीत जातात आणि सोयाबीनच्या भुसकटाला कडब्याची सर नाही. अशा रीतीने एकीकडे माळ आटला आणि दुसरीकडे शेतातला चाराही आटला.

याच जिल्ह्यातून दर वर्षी दिवाळीच्या आगेमागे लाखो ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. आता ट्रॅक्टर वाढले असले तरी बैलगाडीचे मजूर संपलेले नाहीत. त्यांची बैलजोडी शेकडो किलोमीटरचा प्रवास करते, चार-पाच महिने उसाच्या वाढ्यावर जगते आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परत येते. बालाघाटच्या जनावरांचे आजचे स्थलांतर हे असे आहे. त्यांच्या मालकांसारखेच तेही उचलीच्या हिशेबात बांधलेले असते.

कायद्यानेही आपली भर घातली. गोवंशातील बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी घालणारी दुरुस्ती १९९५ मध्ये विधिमंडळाने संमत केली आणि २०१५ मध्ये राष्ट्रपतींच्या संमतीनंतर ती अमलात आली. त्यामागील भावनेचा आदर करणाऱ्यांनीही एक साधा हिशेब मांडला पाहिजे. थकलेला बैल विकता येत नसेल तर त्याच्या चाऱ्याची सोय कोणीतरी केली पाहिजे. आणि कोरडवाहू शेतकऱ्याकडे तो चारा नाही. राज्यातील गोवंश २०१२ च्या पशुगणनेत सुमारे १ कोटी ५५ लाख होता, तो २०१९ च्या गणनेत सुमारे १ कोटी ४० लाखांवर आला. या घसरणीला कारणे अनेक आहेत आणि एकट्या कायद्यावर तिचे खापर फोडणे योग्य होणार नाही. पण जनावर वाचविण्याचा कायदा करून आणि गायरान वाऱ्यावर सोडून जनावर वाचत नाही, एवढे या आकड्यांवरून निश्चित म्हणता येते.

शिरूर कासार तालुक्यातील दहिवंडी येथील शब्बीर सय्यद यांना २०१९ मध्ये पद्मश्री देण्यात आली. शंभरांहून अधिक गुरे हे कुटुंब अनेक वर्षे सांभाळत आले आहे. ती कत्तलीसाठी विकायची नाहीत हा त्यांचा नेम आणि शेणखत हे त्यांच्या मिळकतीचे मुख्य साधन. त्यांचा गौरव झाला हे उचितच झाले. परंतु एका कुटुंबाच्या हट्टाने जे साधले ते संपूर्ण जिल्ह्यात व्हावे असे वाटत असेल, तर पदकाबरोबर चाऱ्याचाही विचार करावा लागेल.

तो विचार न केल्याचे फळ म्हणजे छावणी. २०१२-१३ मध्ये, त्यानंतरच्या दुष्काळात आणि पुन्हा २०१८-१९ मध्ये मराठवाड्यात आणि शेजारच्या जिल्ह्यांत छावण्या उघडाव्या लागल्या. २०१९ च्या उन्हाळ्यात राज्यभरातील छावण्यांत दहा लाखांच्या आसपास जनावरे होती आणि छावण्यांच्या संख्येत बीड जिल्हा आघाडीवर होता. छावणीने जनावरे वाचतात, याबद्दल दुमत नाही. पण ज्या जिल्ह्याला काही वर्षांच्या अंतराने गुरांसाठी छावणी उघडावी लागते, त्या जिल्ह्याने आपली कुरणे मोडून बचत केली की खर्च वाढविला, याचा ताळेबंद एकदा मांडला गेला पाहिजे.

तंटा कोणाचा, कोणाशी

गायरानाचा प्रश्न निघाला की गावोगावी तो एका विशिष्ट वळणावर येऊन थांबतो. ‘गुरांच्या तोंडचा घास अतिक्रमणवाल्यांनी हिसकावला’ असे म्हटले जाते आणि बोट दाखविले जाते ते दलित, पारधी आणि भटक्या-विमुक्त भूमिहीनांकडे. या आरोपाची शहानिशा इतिहासाच्या आधारे व्हायला हवी. दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखालील १९५९ आणि १९६४-६५ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहांनी पडीक जमिनीच्या वाटपाची मागणी देशापुढे ठेवली. मराठवाड्यात अनेक भूमिहीन कुटुंबांनी गायरानाचे तुकडे फोडून कसायला घेतले. ही जमीन बहुधा गावातील सर्वांत निकृष्ट होती. दगड वेचून, बांध घालून त्यांनी ती पिकाखाली आणली. उभ्या पिकात मुद्दाम गुरे सोडणे, मारहाण, बहिष्कार हे त्यांच्या वाट्याला आले. एकनाथ आवाड यांनी बीड जिल्ह्यातील तेलगाव येथून चालविलेल्या मानवी हक्क अभियानाने हा लढा पुढे नेला. राज्य शासनाने २८ नोव्हेंबर १९९१ च्या निर्णयाने १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळातील अशी अतिक्रमणे नियमानुकूल करण्याचे ठरविले. त्याला तीन दशके उलटून गेली; तरीही सातबाऱ्यावर नाव लागावे म्हणून हेलपाटे घालणारी कुटुंबे आजही आहेत.

दुसरीकडे, सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी जगपाल सिंग प्रकरणात गावाच्या सामाईक जमिनींवरील बेकायदा कब्जे हटविण्याचे निर्देश सर्व राज्यांना दिले. त्याच निकालात भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना शासनाच्या आदेशान्वये दिलेल्या जमिनींचा अपवाद करण्यास वाव ठेवला आहे. सोयीस्करपणे विसरला जातो तो भाग हा. २०१७ मध्ये जमीन महसूल संहितेत कलम २२-अ समाविष्ट करून गायरानाच्या अन्य वापरावर बंधने घालण्यात आली. सार्वजनिक प्रकल्पांचा अपवाद मात्र राहिला. ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायरानावरील अतिक्रमणे हटविण्याचे आदेश दिले, तेव्हा राज्यात अशा बांधकामांची संख्या दोन लाखांहून अधिक असल्याचे पुढे आले. नोटिसा निघाल्या, मोर्चे निघाले आणि घरे पडण्याच्या भीतीने सर्वाधिक धास्तावले ते पुन्हा गरीबच.

आता त्यात नवा दावेदार आला आहे. शेतीला दिवसा वीज देण्याच्या योजनेखाली सौर प्रकल्पांसाठी शासकीय जमिनी, त्यांत गायराने आलीच, दिल्या जात आहेत. दिवसा वीज ही शेतकऱ्याची रास्त मागणी आहे. परंतु प्रकल्प म्हटला की कुंपण आले; आणि ज्या गावाला जमीन देण्यापूर्वी नीट विचारलेले नसते त्या गावात ते कुंपण शंकेने पाहिले जाते. गावच्या गुराख्याला आणि भूमिहीनाला एकमेकांशी झुंजत ठेवायचे आणि मोठा तुकडा तिसऱ्याच्या ताब्यात जायचा, हे टेक्सासमध्ये घडले. ते येथे घडू द्यायचे की नाही हे अजून आपल्या हाती आहे.

करता येण्याजोगे

उपाय अवघड नाहीत. ते अप्रिय आहेत. पहिली गोष्ट, प्रत्येक गावच्या गायरानाची मोजणी होऊन कोणाच्या ताब्यात किती जमीन आहे याची यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लागली पाहिजे. त्या यादीत भूमिहीनाचा एकर-दोन एकरांचा तुकडा आणि वजनदार मंडळींचे गोदाम, मळा किंवा संस्थेची इमारत एकाच ओळीत दिसू लागली की अनेक वाद आपोआप निवळतील. दुसरी गोष्ट, १९९१ च्या निर्णयात बसणाऱ्यांची प्रकरणे ठरावीक मुदतीत निकाली काढून त्यांच्या नावे जमीन झाली पाहिजे; आणि ज्यांना अन्यत्र भरपूर जमीन आहे त्यांचे कब्जे प्रथम उठले पाहिजेत. हा क्रम उलटा ठेवून केलेली कोणतीही कारवाई न्याय्य ठरणार नाही.

तिसरी गोष्ट गवताची. नगर जिल्ह्यातील, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमधील, हिवरे बाजारने चराईबंदी पाळून आणि गवत कापून नेण्याची मुभा देऊन डोंगर हिरवा केला. तो प्रयोग आष्टीच्या सीमेपासून फार दूर नाही. मात्र सरसकट चराईबंदी हे बीडसाठी पुरेसे उत्तर नव्हे. कारण शेळी-मेंढीवर जगणारे कुटुंब बंदीच्या काळात काय करणार, याचा विचार तीत नसतो. माळाचे भाग पाडून एक भाग चराईला मोकळा आणि बाकीचे विसाव्याला, असा पाळीचा क्रम ग्रामसभेने ठरवावा. मेंढपाळांना त्या ग्रामसभेत बोलण्याचा हक्क असावा. गवताच्या बियांची पेरणी, बांधबंदिस्ती आणि राखणदाराचा पगार रोजगार हमीसारख्या योजनांतून होऊ शकतो. जुन्या राखोळीची जागा आता रोख मजुरीने घ्यावी आणि ते काम प्रौढाने करावे. पोराने शाळेतच राहावे.

चौथी गोष्ट, गायरान कोणत्याही प्रकल्पाला देण्यापूर्वी ग्रामसभेची संमती ही सहीशिक्क्याची बाब न राहता खरी चर्चा ठरली पाहिजे आणि मोबदला गावच्या चाऱ्यावर खर्च झाला पाहिजे. छावण्यांवर जो खर्च दुष्काळात करावाच लागतो, त्याचा थोडा अंश जरी चांगल्या वर्षी कुरणांवर झाला, तरी पुढच्या छावणीचा आकार आटोक्यात राहील.

पूर्वीचा गुराखी परत येणार नाही आणि तो जसा होता तसा येऊही नये. परंतु बालाघाटचा माळ तेथेच आहे, पाऊस पडला की त्यावर गवत अजूनही उगवते आणि जिल्ह्यातील कोरडवाहू शेतकऱ्याला, शेळीवाल्या बाईला, मेंढपाळाला त्या गवताची गरज कालच्याइतकीच आज आहे. अमेरिकेला आपल्या कुरणांवर नियम आणायला हिवाळ्याच्या तडाख्यानंतर जवळजवळ अर्धशतक लागले. बीड जिल्ह्याने १९७२ पाहिले, २०१२ पाहिले, २०१९ पाहिले. धडा घेण्यासाठी चौथ्या तारखेची वाट पाहण्याचे कारण नाही. ग्रामसभा वर्षातून अनेक वेळा भरतात. त्यांपैकी एकीच्या विषयपत्रिकेवर यंदा गायरानाची यादी यावी, एवढी सुरुवात झाली तरी या आंतरराष्ट्रीय वर्षाचे येथे काही सार्थक झाले असे म्हणता येईल.